दहा नंबरची कोंबडी

देशभरातल्या कोंबड्यांत मानमोडीचा रोग किती पसरलाय हे मोजायला सरकार निघालं आणि कडेगावजवळच्या एका गावातल्या दहा कोंबड्या डॉक्टर पल्लवीच्या गळ्यात पडल्या. नोकरी कंत्राटी. विश्रामबागेतल्या कचेरीतल्या साहेबांनी बजावलं होतं, "त्याच कोंबडीचं तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त हवं. निदान एकीचं तरी आणा, नाहीतर तुम्ही घरी."

पहिली फेरी झकास झाली. दहा घरं, दहा कोंबड्या, प्रत्येकीच्या पायात नंबराचं पिवळं कडं.

दुसऱ्या फेरीला पहिल्याच दारात कोंडीबा म्हणाला, "एक नंबर? जावई आला व्हता की!"

"पण कडं बघून तरी..."

"कडं बगूनच कापली! डाक्टरनं पास केलेली सोडून बिनतपासलेली घालू व्हय जावयाला?"

झालं! गावानं कड्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला होता. वीरधवल फौजेतून सुट्टीवर आला, दोन नंबर गेली. राजेश्वरीला बघायला पाहुणे आले, तीन गेली आणि शेजारच्या घरची चारही गेली. एकेका घरातून पल्लवीच्या हातावर नुसतं कडं येत होतं, तेही घासूनपुसून. नववं कडं मिळाल्यावर तिनं माळावरच्या हरणाबाईला फोन लावला.

"मावशी, दहा नंबर आहे ना?"

"हाय की! पावण्यांचा लय डोळा व्हता, पर मी हात लावू दिला न्हाई. तुमच्यासाठनंच ठेवलीया. सावकाश या."

पल्लवीला भरून आलं. जगात अजून शहाणी माणसं आहेत, असं तिला मनापासून वाटलं.

तासाभरानं ती वस्तीवर पोचली. अंगणात डालग्याखाली कोंबडी गुरगुरत होती. पल्लवीचा जीव भांड्यात पडला.

"आधी रक्त घेते."

"आदी जेवा. उपाशीपोटी कसलं काम?"

सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. बाजरीची भाकरी आणि लालभडक रस्सा समोर आला, आणि तिनं मान खाली घातली ती ताट पुसूनच वर काढली.

"चला मावशी, काढा डालग्याखालची."

"ती? ती खुडूक हाय. अंड्यावर बसवलीया."

"मग दहा नंबर कुठाय?"

हरणाबाईनं तिच्या ताटाकडे बघितलं. "आत्ता तर बोटं चाटून खाल्लीसा!" आणि पदराच्या गाठीतून धुतलेलं कडं काढून दिलं.

पल्लवी रडकुंडीला आली. "मावशी, माझी नोकरी गेली हो! त्या कोंबडीचं रक्त हवं होतं मला."

हरणाबाईचा चेहरा पडला. एवढ्या मायेनं केलेला पाहुणचार, आणि लेकराच्या डोळ्यात पाणी! मग तिनं विचारलं, "नुस्तं रगतच पायजे न्हवं? मांस न्हाई?"

"रक्तच."

"आवं, मग रडतायसा कशाला? कापताना वाटीत धरलंय की! तव्यावर परतून देणार व्हते तुमास्नी."

चुलीमागून वाटी आली. रक्त छान गोठलं होतं आणि वर पिवळसर पाणी सुटलं होतं. तपासायला नेमकं तेच लागतं. पल्लवीनं ते हलक्या हातानं नळीत भरलं, नळीवर दहा आकडा घातला आणि फॉर्म काढला.

शेवटचा रकाना होता, 'रक्त घेतल्यानंतर पक्ष्याची स्थिती'.

तिनं क्षणभर विचार केला, मिशीसारखा लागलेला रस्सा पुसला आणि लिहिलं, 'समाधानकारक'.