मथुराबाईंची पहिली उचकी

मांजरखिंड गावात नोटा बंद होऊन उचकीचं चलन सुरू झालं, त्याला उद्याच्या पाडव्याला नऊ वर्षं होतील. बाहेर ज्याला क्रिप्टो म्हणतात तोच हा प्रकार. फक्त तिथे वीज जळते आणि इथे घसा.

ब्लाउज शिवणाऱ्या मथुराबाई निकुंभांना या नऊ वर्षांत एकही उचकी लागली नव्हती. आणि ज्याच्या नावावर नऊ वर्षांत एकही उचकी नाही, त्याचा बाजारातला गाळा जातो, असा नियम. आज मुदतीचा शेवटचा दिवस. वरातीमागून घोडं म्हणतात तसं, बाई दुपारी नवशिक्यांच्या वर्गात जाऊन बसल्या.

बाजाराचे मास्तर हिंगे समजावत होते, "कुणी आठवण काढल्याशिवाय उचकी लागत नाही, म्हणून खोटी पाडता येत नाही. लागली की एकेक नाव घ्यायचं. बरोबर नावाला ती थांबते. थांबली की गावातल्या घराघरांतल्या वहीत नोंद. दोनशे अकरा वह्या. एकीत कुणी खाडाखोड केली, तर बाकीच्या दोनशे दहा बोंब मारतात."

"आणि बँक?" बाईंनी विचारलं.

"बँक कशाला? अख्खं गाव साक्षीदार."

"भाव काय चाललाय?"

"सकाळी एका उचकीला दोन पोती ज्वारी होती, आत्ता एक शेळी. चार वाजता काय, ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. म्हणून असेल नसेल ते सगळं एकदम घालू नका, बाई."

"माझ्याकडे घालायला आहेच काय?" बाई म्हणाल्या, आणि त्यांना उचकी लागली.

बाजार जागच्या जागी थांबला. वह्या उघडल्या. बाईंनी भावाचं नाव घेतलं, नणंदांची घेतली, शेजारणींची घेतली. उचकी हटेना. नाव सापडायला जितकं अवघड, तितका भाव चढतो. साडेचारला तो चौदा शेळ्यांवर गेला. पण नाव सापडलं नाही तर एक शेळीही नाही, आणि पाचला गाळ्याला टाळं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गिऱ्हाइकांची नावं त्यांनी चाळीस वर्षांत कधी विचारलीच नव्हती. चिठ्ठीवर फक्त माप लिहायच्या.

त्यांनी डोळे मिटले.

"छाती चौतीस," त्या उचकत म्हणाल्या, "बाही साडेपाच, डावा खांदा अर्धा इंच उतरता."

उचकी थांबली.

"हे नाव नाही," हिंगे म्हणाले आणि नियमांचं पुस्तक चाळू लागले.

"मास्तर, उचकी थांबली का नाही, तेवढं सांगा," भाजीवाल्या कोंडाबाई म्हणाल्या आणि वहीत लिहू लागल्या. पाठोपाठ दोनशे दहा जणांनी लिहिलं. पाचला पाच मिनिटं कमी होती.

उतरत्या खांद्याची ती बाई कुठे नांदते, कुणालाच माहीत नव्हतं. पण तिला आपली आठवण आहे, या आनंदाने मथुराबाईंना चौदा शेळ्यांचाही विसर पडला. त्यांनी गाळा उघडला आणि मशीनला तेल घातलं.

गावाने मात्र हिशेब लगेच जुळवला. जी बाई अर्ध्या इंचाचा उतार इतकी वर्षं विसरत नाही, तिने एकदा आपलं माप घेतलं की ती आपली आठवण काढत राहणार, आणि आपल्या उचक्यांची ददात मिटली. सहाच्या आत गाळ्यापुढे रांग लागली. हिंगे मास्तर रांग ओलांडून थेट पुढे आले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"सदरा शिवायचाय," ते म्हणाले. "माझा उजवा खांदा जरा उतरता आहे, बाई."

मथुराबाईंनी गळ्यातली टेप सरळ केली.

"मागे जा, मास्तर," त्या म्हणाल्या. "तुमच्यापुढे एकोणीस खांदे आहेत."