दोनशे छप्पन्न पत्त्यांची वाटणी

न्हावा शेव्याजवळच्या त्या कंटेनर यार्डात नेटवर्क बसवताना प्रज्योतने एकच चूक केली. पत्त्यांची वाटणी त्याने मालकांवर सोडली, आणि मालक होते चार सख्खे भाऊ.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, म्हणजे एक नंबर. प्रज्योतकडे असे दोनशे छप्पन्न होते. यार्ड थोरल्या जीवनचं, ऑफिस दुसऱ्याचं, गेट तिसऱ्याचं आणि ट्रकचा वजनकाटा धाकट्या रघूचा. "चौघांना सारखे. चौसष्ट-चौसष्ट," जीवनने सांगून टाकलं. मागे मिठागराच्या वाटणीवरून चौघे बारा वर्षं एका पंगतीला बसले नव्हते, म्हणून या वेळी पंच बोलावून कागदावर सह्या झाल्या. पत्ते म्हणजे काय ते पंचांनीही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी नेटवर्क सुरू झालं आणि यार्ड बंद पडलं. प्रत्येक वाट्यातला पहिला आणि शेवटचा नंबर वापरता येत नाही, त्यामुळे जीवनला मिळाले बासष्ट. कंटेनरची नोंद टिपणारी त्याची यंत्रं शंभर. अडतीस यंत्रं मुकी झाली आणि ट्रेलरची रांग टपरी ओलांडून वळणापलीकडे गेली. तिकडे रघूच्या काट्यावर यंत्रं दोन आणि साठ पत्ते रिकामे.

"रघूदादा, त्यातले थोडे द्या ना."

"वाटा हाय माझा. रिकामा ठेवीन, नायतर कुंपन घालीन."

"दुपारपर्यंत चालू नाय झालं तर बॅग उचल," जीवनने प्रज्योतला बजावलं. नोकरी लागून अकरा दिवस झाले होते, आणि ती त्याची पहिलीच होती.

तेवढ्यात चौघांचे वडील, चांगदेवआबा, रांगेत अडकलेली रिक्षा सोडून चालत आले. साठ वर्षं मिठागर केलेला माणूस. प्रज्योतने रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं.

"सारखे वाटे कोनी सांगितले? मिठागरात कवा सारखे वाफे बगितलेस?" आबांनी काठीने धुळीत चौकोन आखला. "आदी मोठं तलं. निम्मी जागा त्याला. उरल्यातली निम्मी त्याच्या खालच्याला, मंग त्याच्यातली निम्मी."

"आधी लहान आखले तर?"

"मंग मोठ्याला सलग जागा उरल काय? आन हरेक वाफ्याच्या दोन कडा बांधात जानार, त्या सोडूनच मोजायचं."

प्रज्योतने धुळीतल्या चौकोनात आकडे भरले. यार्डला एकशे अठ्ठावीस, ऑफिसला चौसष्ट, गेटला बत्तीस, काट्याला दोन यंत्रं आणि दोन कडा मिळून चार, आणि वर अठ्ठावीस शिल्लक. कॉलेजात याच धड्यावर तो दोनदा नापास झाला होता. तो सगळा धडा आबांनी काठीने चार रेघांत संपवला होता. त्याला आबांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि तो पडलाही.

साडेअकराला शंभरही यंत्रं बोलू लागली. रांग हलली. फक्त रघू कागद नाचवत आला. "मना चारच? त्यातले बी दोन बांधात?"

आबांनी त्याला जवळ बसवलं. "येड्या, मोठ्या तल्यात नुसतं खारं पानी असतं. मीठ धरतं ते शेवटच्या लहान वाफ्यात. हरेक ट्रक तुज्याच काट्यावर चढतो ना?"

रघूचा चेहरा उजळला. तो काट्यावर गेला आणि येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला त्याने हे ऐकवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या यार्डाला ते पाठ झालं होतं.

चार वाजता जीवन प्रज्योतच्या खोलीत आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"तुजी नोकरी पक्की."

"थँक्यू दादा."

"फकस्त माजा वाटा जरा बारीक कर. रघूपेक्षा बारीक बसल काय बघ."

प्रज्योतने खिडकीतून त्या शंभर यंत्रांकडे पाहिलं, आणि नुकतीच निघालेली आबांची रिक्षा कुठवर गेली ते बघायला तो पायात चपला न घालताच धावला.