गोवऱ्यांवरची बाराखडी

साक्षरतेचा हुकूम आमच्या कालव्याच्या कचेरीत आला, तेव्हा मी एकच विचार केला : कमीत कमी चालावं कुठे लागेल?

हुकूम असा होता, की प्रत्येक कारकुनाने एक तरी निरक्षर माणूस साक्षर करून दाखवावा. साल एकोणचाळीस. बाकीचे कारकून कोणी गुऱ्हाळावर, कोणी वाड्यावस्त्यांवर निरक्षर शोधत उन्हातान्हात हिंडले. मी मात्र घरी आलो, कोट खुंटीला लावला आणि चुलीपुढे बसलेल्या आमच्या मंडळींकडे बघून मनाशी म्हणालो, सापडलं! निरक्षर माणूस, तोही घरबसल्या. (आळशाला अक्कल नसते असं कोण म्हणतं?)

"अगं, उद्यापासून तुला लिहायला-वाचायला शिकवणार आहे मी."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मला येकटीला?"

"मग काय गावाला?"

"येकटी न्हाय बसायची मी. बाया बोलतील, कारकुनीण लई शाणी झाली. छबूला बोलावते."

"बोलाव," मी म्हणालो. एवढाच शब्द. पण त्याने माझ्या घराचा ताबा माझ्याकडून काढून घेतला.

छबूबाई म्हणजे शेजारच्या मळ्यातल्या संभाजीआबांची सून. ती कडेवर पोर घेऊन आली. तिच्या मागून धोंडाबाई आली. ही गावातली सर्वांत वडील विधवा बाई. तिने हो म्हटलं की गावात लग्न ठरतं आणि नाही म्हटलं की मोडतं. "काय शिकिवता बगू तरी," म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. धोंडाबाई बसली म्हटल्यावर आळीतल्या सगळ्याच बायका यायला लागल्या. माझ्या पडवीच्या आढ्याला त्यांनी पोरांच्या झोळ्या टांगल्या आणि झोळ्यांच्या दोऱ्या (बायका अभ्यासात असताना पोरं झुलवणार कोण?) माझ्या पायांच्या अंगठ्यांना बांधल्या. मी डावा पाय हलवत 'अ' शिकवायचो आणि उजवा हलवत 'आ'. कचेरीतून दमून आलेला माणूस स्वतःच्या घरात असा कळसूत्री बाहुल्यासारखा नाचताना तुम्ही पाहिला नसेल.

अडचण एकच होती. पाटी सगळ्या वर्गात मिळून एक. ती माझ्या लहानपणची, कोपरा फुटलेली. ती एकीच्या हातून दुसरीच्या हाती जाईपर्यंत पहिली शिकलेलं विसरायची.

त्यावर तोड काढली ती आमच्या मंडळींनी. सकाळी शेण थापताना तिने ओल्या गोवरीवर बोटाने 'क' काढला आणि गोवरी भिंतीवर मारली. मग 'ख'. मग 'ग'. मी दात घासत मागच्या दारी आलो आणि तसाच उभा राहिलो. मावळतीकडची भिंत वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरली होती. वाळत चाललेल्या शेणात एकेक अक्षर असं ठसठशीत उमटलं होतं, की छापखान्याने मान खाली घालावी. जिला परवापर्यंत 'क' कुठल्या बाजूने धरायचा ते ठाऊक नव्हतं, तिने ही भिंत लिहिली? मला खरंच भरून आलं. (दातवणाचा रस गिळला गेला, तो भाग वेगळा.)

बघता बघता गावातल्या निम्म्या भिंती बाराखडीने भरल्या. नवखा पाहुणा गावात शिरला तर त्याने चुकून मंत्र लिहिलेल्या देवळांच्या गावात आलो असंच समजावं.

आणि मग एका सकाळी मला आंघोळीला गार पाणी मिळालं.

"अगं, चूल पेटवली नाहीस का?"

"सरपण न्हाय."

"भिंतभर गोवऱ्या आहेत की!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाय कापायला सांगितली होती. "अक्षरं हायेत त्याच्यावर. सरसोती हाय ती. सरसोती चुलीत घालू?"

"मग अक्षरं पुसून टाक."

"वाळल्याली पुसायची कशी? अन् पाटी पुसायलाच असती, त्याचं पाप न्हाय. ह्ये जाळायचं म्हंजी काय!"

कागदाला पाय लागला तर तो कपाळाला लावून नमस्कार करायला मीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी गार पाण्याने आंघोळ केली आणि अर्धकच्ची भाकरी खाऊन कचेरीत गेलो. तीच गत घरोघरी. उसाची चिपाडं गुऱ्हाळाच्या चुलवणाला जातात, बाभळीचं लाकूड पावसाळ्यासाठी राखलेलं, आणि रोजच्या गोवऱ्यांवर सरस्वती बसलेली. बायका नवं शेण थापायच्या, पण हात शिवशिवायचे आणि त्याच्यावरही एखादं जोडाक्षर उमटायचंच. गावातल्या पुरुषांच्या पोटात गार पिठलं गेलं, तेव्हा त्यांना शिक्षणाचे तोटे दिसायला लागले.

एका संध्याकाळी संभाजीआबा सगळ्यांना घेऊन माझ्या दारात आले. पांढऱ्या मिशा, हातात काठी. आबांनी आवाज कधी चढवला नाही. त्यांना तशी गरजच पडली नव्हती.

"मोहनराव, ह्ये तुमी काय लावलंय?"

"आबा, खात्याचा हुकूम..."

"हुकूम वाचायचा हाय का जेवायचा? आयतवारी बारामतीचं शिक्षणाचं सायेब येणार हायेत म्हनं, परीक्षा घ्यायला. त्यांनी पास म्हटलं, तर सरकारी पाट्या येतील, वर्ग चालू ठेवा, आमची ना न्हाय. नापास म्हटलं, तर त्याच दिशी समद्या गोवऱ्या चुलीत अन् वर्ग बंद. माझी सून पुन्हा तुमच्या पडवीत दिसायची न्हाय."

छबूबाई दाराआड उभी होती. तिने हातातली पाटी पदराआड लपवली.

त्या दिवशी आमच्या मंडळींनी मला ताट वाढलं. मग एकदम म्हणाल्या, "आवं, बारामतीच्या बाजारात दुकानांवर पाट्या असत्यात. आजवर त्या निसत्या दिसायच्या. परवा गेले तर बोलाया लागल्या. ह्यो तांबट, ह्यो कापडवाला, आपापलं सांगाया लागल्या मला. ह्ये बंद झालं, तर बाजार पुन्हा गप व्हायाचा." आणि ती पदराने डोळे पुसायला लागली. मी चालणं वाचवायला हा उद्योग काढला होता, आणि हिच्याशी अख्खा बाजार बोलत होता!

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. आणि कसता कसताच माझी कंबर मोडली. कारण आत्ताशी कुठे मी बायकांकडून शब्द मोठ्याने वाचून घ्यायला लागलो होतो.

"छबूबाई, वाचा. झाड."

छबूबाई पदर चावायला लागली.

"झ ला काना झा, आणि ड."

छबूबाईने मान खाली घातली आणि म्हणाली, "लाकूड."

"लाकूड कुठे लिहिलंय?"

"न्हाय लिवलं. ठावं हाय मला."

धोंडाबाईने माझी कीव केली. "गुर्जी, तिच्या घरधन्याचं नाव काय?"

तिच्या मालकाचं नाव झुंबर. आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे ते ज्या अक्षराने सुरू होतं ते अक्षरच घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत; 'मी', 'मला', 'म्हणजे' एवढ्यांनाच काय ती सूट. तिला झाड म्हणता येत नव्हतं, झरा म्हणता येत नव्हता. झोळीतलं पोर झोपलं तर 'निजलं' म्हणायची सोय होती म्हणून बरं. मी पुस्तक आमच्या मंडळींपुढे केलं. 'मोर नाचतो.' तिने माझ्याकडे बघितलं, लाजली आणि वाचलं, "पिसाऱ्याचं पाखरू नाचतं." (लग्नाला इतकी वर्षं झाली, आपल्यापायी घरात मोर अडलाय, हे मला त्या दिवशी कळलं.) प्रत्येक बाईचं एकेक अक्षर नवऱ्याने अडवून ठेवलेलं. कुणाचा सासराही अडवून बसलेला. अख्खी बाराखडी अशी वाटून गेली होती!

रविवारी साहेब टांग्यातून उतरले. चष्मा, काळी टोपी, हातात दाखल्यांचा गठ्ठा. मावळतीच्या भिंतीपुढे ते बराच वेळ थांबले, एका गोवरीला बोट लावून बघितलं आणि पडवीत येऊन बसले. अंगणात सगळा गाव जमलेला, पुढे संभाजीआबा. साहेबांनी स्वतःचं पुस्तक उघडून छबूबाईपुढे धरलं.

"वाचा."

"डोंगरातनं..." छबूबाई वाचायला लागली आणि थांबली. शेजारी बसलेल्या धोंडाबाईने खालमानेने सांगितलं, "झरा." छबूबाई पुढे निघाली, "वाहतो. त्याच्या काठी उंच..." "झाड," धोंडाबाई. "आहे. त्या..." इथे धोंडाबाई आणि आमच्या मंडळी एकदम, "झाडावर!" मग पुस्तक आमच्या मंडळींकडे आलं, त्यांचा अडलेला 'मोर' छबूबाईने उचलला, आणि पान असं हातोहात पुढे गेलं, कालव्याच्या भरावावर बायका घमेली पुढे देतात तसं. कुठे ठेच नाही. मी आ वासून ऐकत होतो. हे त्यांना मी शिकवलेलं नव्हतं!

साहेबांनी पुस्तक मिटलं. "हे चालायचं नाही. शेजारणीने सांगायचं नाही. प्रत्येकीने आपलं आपण वाचायला हवं. एकीलाही एक ओळ पुरी येत नाही." त्यांचा आवाज कडू नव्हता, वाईट वाटलं होतं त्यांना. पण पेन्सिल नापासाच्या रकान्याकडे निघाली.

आबांनी काठी उचलली. अंगणातले पुरुष भिंतीकडे वळले. छबूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी उठून रीत समजावून सांगणार होतो, पण दोन्ही अंगठ्यांना झोळ्या बांधलेल्या. उठलो तो आपटलो आणि दोन्ही पोरं किंचाळायला लागली.

त्या गोंधळातून धोंडाबाईचा आवाज आला. "सायेब, जरा दम खावा. आमी नाव घेत न्हाय ती तोंडानं. रीत हाय ती, आन् जीव हाय तवर पाळणार. पर हातानं लिवायचं न्हाय, आसं कुणी सांगितलंय? हाताला तोंड असतंय व्हय?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. येणार कसं? आजवर कुणाच्याच हाताला लिहिता येत नव्हतं.

"मग," साहेब सावकाश म्हणाले, "जे नाव घेत नाही, तेच लिहून दाखवा."

पाटी एकच. आमच्या मंडळींनी मागच्या दारचं शेणाचं घमेलं आणून मधोमध ठेवलं. प्रत्येकीने गोळा घेतला, पडवीच्या जमिनीवर थापला आणि बोट टेकवलं. एवढी शांतता मी कचेरीत साहेब आल्यावरही ऐकली नाही. पोरंसुद्धा गप्प झाली. उभ्या जन्मात जे नाव ओठावर आलं नव्हतं, ते एकेकीच्या बोटातून बाहेर येत होतं. धोंडाबाईने म्हस्कू लिहिलं. म्हस्कू जाऊन किती पावसाळे झाले कोण जाणे. ती त्या नावावर ओणवी होऊन बसली आणि बघतच राहिली.

छबूबाईने दोन गोवऱ्या थापल्या. एक झुंबर. दुसरी तिने पदराने धरून अंगणात नेली आणि संभाजीआबांच्या पायाशी ठेवली.

आबांनी खाली वाकून पाहिलं. "ह्ये काय हाय?"

सुनेला सांगता येईना. साहेबांनीच वाचलं, "सं-भा-जी."

"ह्यो मी?" आबांनी विचारलं.

छबूबाईने मान हलवली.

आबांनी काठी टाकली. गोवरी दोन्ही हातांनी उचलली, लांब धरली, जवळ धरली. शेताच्या कागदांवर आंगठा उमटवत ज्यांचा जन्म गेला, त्या माणसाला आपण दिसतो कसे हे पहिल्यांदा कळत होतं. त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मागून कोणीतरी विचारलं, "आबा, गोवऱ्या पेटवायच्या न्हवं?"

"खबरदार!" आबा म्हणाले. आबांचा चढलेला आवाज गावाने त्या दिवशी ऐकला.

मी भारावून गेलो होतो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. आळशीपणाने टाकलेल्या चिमूटभर बियाण्याचं हे एवढं पीक! माझी छाती फुगली. साहेबांनी पाट्या मंजूर केल्या, दाखल्यांचा गठ्ठा सोडला आणि म्हणाले, "वा, मास्तर! आता तुम्ही एकेकीचं नाव सांगा, मी लिहितो."

मी गाव ऐकेल अशा आवाजात सुरुवात केली. "धोंडाबाई! छबूबाई!" एकेक पुढे येत होती, दाखला कपाळाला लावत होती. शेवटी आमच्या मंडळी पुढे आल्या.

"हं, नाव?" साहेब म्हणाले.

"ह्या... आमच्या घरातल्या."

"ते कळलं. नाव?"

समोर अख्खा गाव. पुढे वडीलधारे आबा. लग्नापासून 'अगं' वर माझं सगळं भागलं होतं. कान तापले. जीभ टाळ्याला चिकटली. "मंडळी," मी म्हणालो.

"मंडळी हे नाव आहे?"

तेव्हा तिने ओल्या शेणाचा गोळा घेतला, थापला, बोटाने लिहिलं आणि गोवरी माझ्या नाकापुढे धरली. 'प्रयागबाई.' किती सुबक जोडाक्षर! "वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. मनात. ओठ हलले, आवाज काही फुटेना.

"मास्तर, वाचता येत नाही का तुम्हाला?" साहेबांनी चष्मा काढून विचारलं.

"सायेब," संभाजीआबा गोवरी छातीशी धरून म्हणाले, "नव्या वर्गात माझं नाव घाला. अन् माझ्या शेजारी मोहनरावांचं बी."

साहेबांनी दोन्ही घातली. आबांची बाराखडी कधीच संपली. परवा ते बाजारातली एकेक पाटी मोठ्याने वाचत घरी आले. मी अजून 'प्र'वरच आहे.