मोटारीचं घरच्यासारखं स्वागत

माझ्या मतदारसंघात मला ठाऊक नाही अशी एकही गोष्ट नाही, असं मी विधानसभेत छातीठोकपणे सांगितलेलं आहे! घाटंजीच्या बाजारात कोणाची बैलजोडी कोणाच्या दावणीला गेली, कोणत्या गावात कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, सगळं मला तळहातासारखं पाठ. यावर आमच्या घरच्या, म्हणजे रुखमाबाई, फक्त एवढंच म्हणायच्या, "अवो, तो तळहात तं पाहा एकदा. नुसता शाईनं भरला हाये."

तर बंजाऱ्यांच्या वस्तीवर, भावसिंगाच्या तांड्यावर, उतारूंची सरकारी मोटार कशी आली, ते सांगतो. हसायचं तर हसा, पण मोटार आमदार नागोरावांनीच आणली, हे विसरू नका!

बाजाराच्या दिवशी तांड्याचा नाईक खेमसिंग माझ्या ओसरीवर येऊन बसला. सोबत हंसाबाई. काचा लावलेला घागरा, कोपरापर्यंत बांगड्या आणि डोळे जागरणानं लाल. तिची सासू मानीबाई अर्धं अंग लुळं पडून बाजेवर होती. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर आठवड्याला आणा, सुया देऊ, मालिश करू, म्हातारी हिंडायला लागेल. पण न्यायची कशी? तांड्यापासून घाटंजीपर्यंत बैलगाडी, तीही गोट्यांच्या नाल्यातून. एकदा नेली, तर घरी येईपर्यंत म्हातारी होती त्यापेक्षा जास्त आजारी!

"नवरा कुठं असतो?" मी विचारलं.

"पांढरकवड्याले, कापसाच्या जिनात कामाले हाये," हंसाबाई म्हणाली. "घरी म्या एकलीच. न्हाऊ घालाचं म्या, खाऊ घालाचं म्या, कूस फिरवाची म्या. वावरात निंदाले गेली तं जीव घरीच राह्यते. मोटार आली ना भाऊ, तं माही याडी वाचते."

तांड्यात आईला याडी म्हणतात. ही सासूलाच याडी म्हणत होती.

नागपूरच्या अधिवेशनात मी उभा राहिलो. "अध्यक्ष महाराज, आजाऱ्यासाठी दवाखाना आहे, दवाखान्यासाठी डॉक्टर आहे. पण आजाऱ्याच्या उशाशी जी बाई बसते, ती कोणत्या खात्यात येते?"

सभागृह हसलं! एक खातं म्हणालं, प्रश्न रस्त्याचा आहे. दुसरं म्हणालं, रस्ता आहे, मोटार नाही. तिसरं म्हणालं, मोटार आहे, पण उतारू कुठे आहेत? मी म्हणालो, "उतारू बाजेवर पडलेत साहेब. मोटार येईल तेव्हा उठतील!" आता मात्र कोणी हसलं नाही. शेवटी ठरलं की मोटारखात्याचे साहेब एकदा स्वतः मोटार घेऊन तांड्यावर जातील. लोकांचा उत्साह दिसला, तर मोटार कायमची सुरू. नाही दिसला, तर विषय बंद.

उत्साह! एवढंच ना? मी खेमसिंगला बोलावून बजावलं, "हे पाहा नाईक, कमान नको, बँड नको. ते कोणीही करतं. तुम्ही तुमच्या घरच्या माणसाचं स्वागत करता ना, अगदी तस्संच करा! साहेबाले वाटलं पायजे, का लय दिसाचं सोयरं आलं."

"अगदी तसंच?" खेमसिंगनं पागोटं सावरत विचारलं.

"अगदी तसंच! कुठं म्हणजे कुठं कमी पडायचं नाही!"

"मंग बायाईले सांगून ठेवतो," तो म्हणाला.

बायांना काय सांगून ठेवणार, हे विचारायची मला गरजच वाटली नाही. तळहात पाठ होता ना!

ठरल्या दिवशी मोटार निघाली. साहेब पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले, अंगानं किरकोळ आणि मनानं त्याहून किरकोळ. मागच्या जागी एका गावात टांगेवाल्यांनी त्यांच्या मोटारीवर दगड टाकले होते म्हणे. दर दोन फर्लांगांनी ते मला विचारत, "नागोराव, इथं विरोध नाही ना हो?"

"विरोध? साहेब, आनंदानं वेडे होतील लोक! हा तांडा मला तळहातासारखा पाठ आहे!"

मागच्या बाकावर रुखमाबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. मोटारीत बसायची त्यांना भारी हौस.

तांड्यासमोरच्या लिंबाखाली मोटार थांबली. सगळ्यांत आधी रुखमाबाई उतरल्या, आणि पन्नासेक बायांचा घोळका त्यांच्यावर धावून आला! गळ्यात पडल्या आणि हंबरडा फोडला! एकीचा सूर संपतो न संपतो तोच दुसरीचा. रुखमाबाईंचं नुसतं नाक तेवढं दिसत होतं. ज्यांना त्यांचा गळा मिळाला नाही, त्यांनी मोटारीच्या तोंडाला मिठी मारली आणि तिथं रडायला सुरुवात केली.

साहेब पांढरेफटक पडले. "नागोराव, काय हे? कोण गेलं?"

ड्रायव्हर उडी मारून उतरला. त्यानं चाकाखाली वाकून पाहिलं. काही दिसलं नाही. पण मोटारीला धरून बाया रडताहेत म्हणजे खाली कोणीतरी सापडलेलं असतं, एवढं त्याला पक्कं माहीत! तो जो बाजूच्या तुरीत शिरला, तो दिसेनासाच झाला.

तेवढ्यात मला समोरून चार गडी येताना दिसले. खांद्यावर बाज. बाजेवर पांघरूण. मागून डोळ्यांना पदर लावलेली हंसाबाई.

मानीबाई! एवढं भांडून मोटार आणली, आणि ती दारात यायला आणि म्हातारी जायला एकच गाठ पडली! खरं सांगतो, त्या वेळी माझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं, ते पुढाऱ्याचं नव्हतं.

पण तोंड मात्र पुढाऱ्याचंच होतं. मी मोटारीच्या पायरीवर चढलो. "बंधूंनो आणि भगिनींनो!"

बाया एकदम थांबल्या. साहेबांनी हॅट काढून छातीशी धरली.

"मानीबाई आज आपल्यात नाहीत! काय ती माऊली! जन्मभर दुसऱ्यांसाठी झिजली. अंथरुणाला खिळली, पण तिनं कोणाला म्हणून त्रास दिला नाही. ही मोटार तिच्यासाठी होती. मोटारीला उशीर झाला हो!"

मग साहेबांसाठी आणलेला झेंडूचा हार मी बाजेवर वाहिला आणि सर्वांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. सगळा तांडा मुकाट्यानं माना खाली घालून उभा राहिला. मोटार सुरू करायची हीच सरकारी रीत असेल, असं त्यांना वाटलं, हे मला नंतर कळलं.

त्या शांततेत बाजेवरून आवाज आला, "हार कायले घालून राह्यला बाप्पा? मोटारीत बसवा नं मले!"

साहेब मटकन खाली बसले!

मानीबाईनं उन्हासाठी तोंडावर घेतलेलं पांघरूण बाजूला केलं. तोंड वाकडं झालेलं, बोलणं अडखळत, पण शब्दन् शब्द स्पष्ट. "अन् खोटं काहून बोलते? म्हने तरास नाही देल्ला! रोज देल्ला म्या तरास. आंगावर थुंकली, ताटं फेकली. झिजली ते ही हंसी! इचं बोल नं काही. इचं तं कोनी बोलतच नाही."

धड असलेल्या हातानं तिनं तो हार ओढला आणि सुनेपुढे धरला.

"राहू दे ना याडी," हंसाबाई म्हणाली आणि रडायला लागली. मघाच्या बाया सुरात रडत होत्या. हिच्या रडण्याला सूर नव्हता. तिनं हार घेतला नाही, म्हातारीचा हात तेवढा धरून ठेवला.

मी तिच्याबद्दल बोलायला तोंड उघडलं. विधानसभा हलवणारा माणूस मी, पण एक शब्द फुटेना! चांगलं बोलायचं ते सगळं चुकीच्या बाईवर खर्च करून बसलो होतो.

साहेब उठून कपडे झटकत म्हणाले, "मग या बायका रडत का होत्या?"

"आमच्यात तसंच असते साहेब," खेमसिंग म्हणाला. "घरचं मानूस लय दिसानं आलं, का बाया गळ्यात पडून रडतेत. जेवढी माया, तेवढं रडनं. भाऊनंच सांगतलं, का कमी नाही पडाचं."

"तळहातासारखं पाठ, नाही का नागोराव?" साहेब म्हणाले. मी तळहाताकडे पाहिलं. शाई होती.

साहेब मोटारीकडे पाहत राहिले. तिच्या तोंडावर बायांची आसवं अजून ओली होती. आता हे विषय बंद म्हणतात की काय?

"म्हणजे हे सगळं आमच्या मोटारीसाठी?" त्यांनी विचारलं.

"दुसरं कोन आलं साहेब आमच्या इथं आजवर?" हंसाबाई म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "लिहून देतो, नागोराव. एवढा उत्साह मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. आजींना आधी आत घ्या."

आत घेतलं, पण मोटार चालवणार कोण? ड्रायव्हर तुरीतच होता. त्याला आणायला दहा-बारा गडी ओरडत धावले. ते पाहून तो आणखी आत पळाला. "अरे, नाही मेली ते! ये नं बाहीर!" असं ओरडून ओरडून तांड्याचा घसा बसला, तेव्हा कुठे तो आला. मानीबाई त्या दिवशी पहिल्यांदा मोटारीनं यवतमाळला गेली.

पुढे ती काठी टेकत चालायला लागली. हंसाबाई निंदायला जाताना मागे वळून पाहीनाशी झाली, असं खेमसिंग सांगायचा. म्हातारी बाजारात भेटली की मला सोडत नसे. "नागोराव, माह्या मयतीचं भाषन म्हन नं एकडाव!"

सदुसष्टच्या निवडणुकीत मी पडलो. बरेच दिवस तोंड लपवून घरात बसलो. शेवटी रुखमाबाई म्हणाल्या, "चाला, तांड्यावर जाऊन येऊ. तेवढंच मन रमते." गेलो, त्याच मोटारीनं. लिंबाखाली उतरतो न उतरतो, तोच सगळ्या बाया धावत आल्या, पुढे हंसाबाई. रुखमाबाईंच्या गळ्यात पडून त्यांनी असा हंबरडा फोडला की मला गहिवरून आलं. शेवटी घरचे झालो म्हणायचे!

खेमसिंग शेजारीच उभा होता, चेहरा गंभीर करून. बाया रडताहेत त्या मी आलो म्हणून की मी पडलो म्हणून, हे त्याला विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण नाही विचारलं. तेवढं शहाणपण मला आता आलेलं आहे!