केसरचे अकरा दिवे

दिवेआगरात तुळशीच्या लग्नाला तासभर उरला होता आणि केसरच्या अकरा दिव्यांपैकी एकच पेटत होता, तोही देवघरातला झिरोचा.

वादळाने झोपवलेल्या पोफळींच्या जागी लावलेल्या रोपांना यंदा सुपारी धरली, तर तुळशीपुढे अकरा दिवे लावीन, असं केसर बोलली होती. सुपारी धरली. पणत्या समुद्राच्या वाऱ्यात टिकेनात, म्हणून भटजींना विचारून तिने विजेचे दिवे ठरवले. साठ वॅटचे जुने पिवळे बल्ब घरात दहाच निघाले. अकरावा देवघरातून आला.

तारेचं काम नवऱ्याने, रावजीने, अंगावर घेतलं. त्याने जन्मभर वाडी शिंपली होती. पाटाने पाणी सोडायचं, एक आळं भरलं की पुढच्यात. त्याच रीतीने त्याने एकच तार या बल्बातून त्या बल्बात नेत अकराही ओवले.

"हा झिरोच सगळा करंट पितोय," रावजी म्हणाला. "थांब, मोठं बल्ब आणतो."

शेजारच्या कमळवहिनींच्या कोंबड्यांना ऊब द्यायचे शंभरचे दहा बल्ब आले. मागोमाग वहिनीही आल्या, दिवे मोजायला. शंभरचे बसवले, तर ते काळेच राहिले आणि झिरो आणखी खुलला. मग रावजीने प्लग काढून झिरोच उपटला. पुन्हा प्लग लावला, तर सगळाच अंधार.

"अहो, तो परत लावा. निदान एक तरी असू दे."

"करंट सगळ्यांतून जात व्हता, केसर. देवाला कळतं."

"देवाला कळेल हो. वहिनींना कसं कळायचं?"

एवढ्यात पलीकडच्या घरातल्या गुलबानूची लेक जवेरिया मांडवासाठी ऊस घेऊन आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तारेकडे बघून तिने ऊस खाली ठेवला.

"चाचा, पाणी आळ्यात मुरतं. करंट मुरत नाही, जातो तेवढाच परत येतो. वाटेत प्रत्येक बल्ब त्याला अडवतो. अकरा जण ओळीने अडवायला बसले, तर करंट जाणार किती? आणि घरातले दोनशेतीस व्होल्ट अकरा जणांत वाटायचे. जो जास्त अडवतो, त्याला मोठा वाटा. झिरो सगळ्यात जास्त अडवतो."

"म्हणजे आडमुठ्याला जास्त," रावजी म्हणाला आणि केसरकडे बघायचं त्याने टाळलं.

"प्रत्येकाला दोन्ही तारा स्वतंत्र द्या. मग प्रत्येकाला पुरे दोनशेतीस. पण एकूण करंट वाढेल, तेव्हा ही सुतळीसारखी वायर नको."

रावजीने पंपाची जाड वायर काढून नव्याने जोडणी केली, झिरोही परत बसवला. जवेरियाने जोडण्या तपासल्या. भटजी पाटावर बसता बसता बटण दाबलं आणि वृंदावन असं लखलखलं, की भटजींनी पोथी डोळ्यांवर धरली. केसरने हात जोडले.

कमळवहिनींनी कपाळावर आडवा हात धरून दिवे मोजले. पुन्हा मोजले.

"दहाच हायत, केसर."

मघाशी एकटा मिरवणारा झिरो शंभरांच्या झगमगाटात दिसेनासा झाला होता.

"पेटलाय वहिनी," केसर हळूच म्हणाली. "हात जवळ नेऊन बघा."

वहिनींनी बोट नेलं, चुकून टेकवलं आणि झटकन तोंडात घातलं.

"अकरा," बोट तोंडात ठेवूनच त्या म्हणाल्या.

केसरने भटजींना अंतरपाट धरायला सांगितला.