अंबादासभाऊंची जळकी डीपी

अंबादासभाऊ गाणं लावण्याआधी फ्रिज बंद करतात. नुसतं बटण दाबून नाही, प्लग काढून बाजूला ठेवतात. मग पंखा बंद होतो, मग भिंतीवरच्या घड्याळाचा सेल निघतो, आणि एप्रिल महिन्यातल्या जालन्यात घामाच्या धारा पुसत ते टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून बसतात. कारण विचारलं तर त्यांचं उत्तर तयार असतं. "फ्रिजची घरघर अन् आपल्या बेसचा सूर एकच हाय, ताई. दोन्ही एकदम वाजले की कोण रडून राह्यलं ते कळत न्हाई."

आम्ही शेजारी. दर रविवारी सकाळी त्यांच्या बायको शोभावहिनी दुधाचं पातेलं, कालची आमटी आणि दह्याचं भांडं घेऊन आमच्या फ्रिजपाशी येतात. मी दार उघडते, त्या ठेवतात, एक उसासा टाकतात आणि जातात. त्यावरून मला कळतं की कार्यक्रम सुरू होतोय. मग मीही हातातलं काम टाकून खिडकीशी जाऊन बसते. ही गोष्ट मी वहिनींना अजून सांगितलेली नाही.

ते गाणं म्हणजे ‘जळकी डीपी’चं. डीपी म्हणजे गावाबाहेर खांबांवर बसवलेला विजेचा ट्रान्सफॉर्मर. आमच्या भागात तो जळतो, गाव आठवडाभर अंधारात बसतं आणि पुढारी तालुक्याला खेटे घालतात. आमच्या कॉलेजच्या दिवसांत जालन्यातल्या चार पोरांनी आपल्या रॉक बँडला हे नाव ठेवलं. त्यांच्याकडे दोन गिटारी, एक बेस गिटार, लग्नाच्या बँडवाल्याकडून मागून आणलेला ड्रम आणि दिलीपचा आवाज एवढंच भांडवल होतं. एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये त्यांनी एक कॅसेट भरली. दुसरी कधी निघाली नाही. कार्यक्रमही मोजकेच झाले, आणि त्यातल्या एकात तर गणेश मंडळाने त्यांना मध्येच उतरवून आरती सुरू केली होती.

अंबादासभाऊ बँडमध्ये नेमके काय होते, हे कुणालाच माहीत नाही. वाजवत नव्हते, गात नव्हते. विचारलं की ते "मी होतो" एवढंच सांगतात. माझ्या माहितीप्रमाणे ते सायकलच्या कॅरिअरवर ॲम्प्लिफायर बांधून न्यायचे आणि कार्यक्रमभर त्याच्याजवळ उभे राहायचे, कारण त्याला हात लावून धरल्याशिवाय तो चालत नसे.

मी मात्र त्या बँडला एकदाही समोर ऐकलं नाही. मुलींनी असल्या कार्यक्रमांना जायचं नसतं, हे आमच्या घरात न बोलताच ठरलेलं होतं. मला मिळाली ती मामेभावाने आणलेली कॅसेट, नकलेची नक्कल, इतकी घासलेली की गाण्यापेक्षा खरखर जास्त. तरीही त्या आवाजाने मला जे धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. आता मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, गुडघे कुरकुरतात, पण एक इच्छा तेवढी राहून गेली आहे. दिलीपने समोर बसून एकदा तरी गावं आणि मी ऐकावं.

बँडचं सगळ्यात लाडकं गाणं ‘मुक्कामी गाडी’. शेवटची एसटी गावात येते, रात्रभर पारापाशी थांबते, आणि पहाटे कुणाला तरी घेऊन निघून जाते, एवढीच गोष्ट. कॅसेट भरताना हे गाणं अर्ध्यावर आलं आणि लाईट गेली. गिटारी गप्प झाल्या. टेपरेकॉर्डर सेलवर होता म्हणून चालू राहिला. दिलीप थांबला नाही. अंधारात एकट्याने त्याने पुढचं कडवं म्हटलं, मागे ड्रमवाला हलक्या हाताने ठेका देत राहिला, कुणीतरी खोकलं. ते एक कडवं ऐकायला लोक अजून कॅसेट शोधतात.

त्या गाण्यात दुःखाचं कारण कुठेच सांगितलेलं नाही. कुणी मरत नाही, कुणी फसवत नाही. कुणीतरी जातं आणि कुणीतरी हात वर करून उभं राहतं. आमच्या वर्गातली निम्मी मुलं पुण्या-मुंबईला गेली, आम्ही स्टँडवर हात हलवायला उरलो, म्हणून ते आमचं गाणं, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. मग व्हॉट्सॲपवर ‘डीपी परिवार’ निघाला आणि कळलं की गेलेल्यांनाही ते आपलंच वाटतं. बहरीनला असलेला एक जण लिहितो की शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा तो खोली बंद करून हेच ऐकतो. हा ग्रुप काढणारी सायली पुण्याची. बँड मोडला तेव्हा ती जन्मलीही नव्हती, आणि मुक्कामी गाडी म्हणजे काय तेही तिला मी समजावून सांगितलं. तिला विचारलं, बाई, तू का रडतेस? तर म्हणाली, "कुणीतरी आपल्यासाठी रात्रभर थांबलंय असं वाटतं."

अंबादासभाऊंचं जुन्या जालन्यात बी-बियाण्यांचं दुकान आहे. तिथेही ही कॅसेट लागते. बियाणं घ्यायला आलेला शेतकरी एकदा टोपी काढून हळूच विचारता झाला, कोण वारलं म्हणून. भाऊंनी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला, दोन्ही बाजू ऐकवल्या आणि मगच सोयाबीन दिलं. ऐकतानाचे त्यांचे नियम कडक आहेत. मान डोलवायची नाही. ठेका धरायचा नाही. गाणं संपल्यावर खरखर थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही. "आधी ऐका, मंग बोला," हे ते गिऱ्हाइकाला, बायकोला आणि एकदा घरी आलेल्या वीज मंडळाच्या माणसालाही म्हणाले आहेत.

पण त्यांचा खरा गुण म्हणजे थापा. बँड मोडल्यावर दिलीप कुठे गेला, हा ‘डीपी परिवारा’चा जिव्हाळ्याचा प्रश्न. बाकीचे तिघं सापडले, एक तर ग्रुपवरच आहे आणि रोज सकाळी गुलाबाच्या फुलांचे फोटो पाठवतो. दिलीप मात्र नाही. आणि त्याची ताजी खबर दरवेळी अंबादासभाऊंकडेच असते. आधी तो नेपाळात हॉटेल चालवत होता. मग इटारसीला रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. मग शिलाँगला एका चर्चमध्ये गिटार शिकवू लागला. मध्यंतरी तो जहाजावर होता, त्या काळात बहरीनवाल्याने बिचाऱ्याने बंदरावर जाऊन चौकशी केली. सायलीने नकाशा काढून त्यावर खुणा केल्या आणि मला फोन करून म्हणाली, मॅडम, हा माणूस एवढं फिरतो तर गातो कधी? यंदा तिच्या डोक्यात जालन्यात मेळावा भरवायचं होतं, आणि दिलीपशिवाय मेळावा कसला? तुम्ही शेजारी आहात, काकांकडून खरं काय ते काढा, असं तिने मला बजावलं. तिच्यापेक्षा मलाच जास्त घाई होती. मी भाऊंना आडून विचारलं, सरळ विचारलं, पुरणपोळी खाऊ घालून विचारलं. पोळी संपवून ते म्हणाले की दिलीप आता डलहौसीला असतो.

त्यांची आणखी एक तऱ्हा सांगायची राहिली. भाजी. दर आठवड्याला दुकान बंद ठेवून ते आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीने कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जातात आणि मेथी घेऊन येतात. घनसावंगी तालुक्यातलं हे गाव, जाऊन-येऊन दिवस मोडतो. वहिनी माझ्याकडे कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या, "जालन्यात काय मेथी भेटत न्हाई का, ताई? अन् आणतात ती बी अर्धी पिवळी."

यंदा बारावीच्या परीक्षेला मला नेमकं कुंभार पिंपळगावचं केंद्र मिळालं. बाजाराच्या दिवशी पेपर संपवून मी स्टँडकडे निघाले, तर एका मंडपवाल्याच्या दुकानासमोर ती पांढरी गाडी. म्हटलं, बरं झालं, एसटीचा ताप वाचला. आत कनातींच्या गठ्ठ्यावर अंबादासभाऊ बसले होते. त्यांच्यासमोर एक ढेरपोट्या, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस दिव्यांच्या माळा गुंडाळत होता. मला पाहून भाऊ ताडकन उठले. तो माणूस मात्र आदराने म्हणाला, बसा ताई. मग समोरच्या हॉटेलाकडे तोंड करून त्याने हाक दिली, "दोन कट, अन् एक बिनसाखरेचा."

‘बिनसाखरेचा’ म्हणताना त्याने सूर किंचित लांबवला आणि शेवटाला आवाज थोडा फाटला. ते फाटणं मी कॅसेटवर आयुष्यभर ऐकत आले आहे. मी भाऊंकडे पाहिलं. ते नुसती मान हलवत होते, नको, नको अशी.

पण मला राहवेना. मी विचारलं, तुम्ही गात होता ना पूर्वी?

दिलीप मोकळेपणी हसला. "ते होय? कॉलेजात आरडत व्हतो थोडंफार. ह्यो अजून त्याच्यातच हाय काय?" लोक अजून ऐकतात, परदेशातून ऐकतात, असं मी सांगितलं. त्याला बरं वाटलं, पण माळ गुंडाळायची थांबली नाही. ऐकू द्या म्हणाला, पण मला बोलवू नका. लग्नसराई तोंडावर आली आहे, पोरीचं शिक्षण चालू आहे, आणि त्यातलं काही आता आठवतही नाही. हे सगळं त्याने इतक्या सहज सांगितलं की मला त्याच्यावर रागावताही येईना. तो सुखी माणूस होता. चहा आला. दोघं मित्र पाऊसपाण्यावर, कांद्याच्या भावावर बोलले. निघताना दिलीपनेच मेथीच्या दोन जुड्या आणून गाडीत टाकल्या.

गाव मागे पडलं. मग माझा राग बाहेर पडला. जहाज काय, चर्च काय, एवढ्या माणसांना इतकी वर्षं का नाचवलंत, असं मी बरंच बोलले. अंबादासभाऊंनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"मी एकदा त्याला म्हणलं व्हतं, एक कडवं म्हण. लई वर्षं झाली त्याला. त्याला शब्दच याद न्हाई आले. मी सांगत गेलो अन् तो हसून राह्यला. वाईट न्हाई हसला, ताई, बिलकुल न्हाई. पण हसला." गाडी थोडी हळू झाली. "मंग म्हणलं, ते हसणं पोरायच्या कानावर जायला नको. त्यापरीस शिलाँग बरं."

मग जाता कशाला दर आठवड्याला, मी विचारलं.

"दोस्त हाय न आपला. गाण्याच्या आधीपासूनचा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. सायलीचा निरोप होता, काकांकडून काही कळलं का? भाऊंनी गाडी कडेला घेतली आणि उभी केली. माझ्या हातातल्या फोनकडे बघत बसले. मी सायलीला लिहिलं की आज एक ओळखीचे भेटले, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दिलीप सध्या गंगटोकला असतो, पण खात्री नाही. पाठवण्याआधी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"गंगटोक बरंय," ते म्हणाले. "तिकडं अजून न्हाई गेला तो."

आणि मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. बँडबद्दल नाही, त्यावर तर ते रोजच बोलतात. दिलीपबद्दल. दोघांनी मिळून घेतलेली एक सायकल, दिलीपच्या आईच्या हातची ज्वारीची भाकरी, नदीत पोहायला शिकताना दोघं बुडता बुडता कसे वाचले, दिलीपच्या वडिलांनी गिटार कशी विहिरीत टाकली आणि दोघांनी ती कशी काढली. ते मध्येच हसत होते, पुन्हा बोलत होते. या माणसाचा जिवलग मित्र जिवंत आहे, दर आठवड्याला भेटतो, चहा पाजतो, आणि तरी यांना त्याची आठवण येते, हे मला तेव्हा समजलं. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

गाडी आमच्या गल्लीत येऊन थांबली तेव्हा गोष्ट विहिरीपाशीच होती. वहिनी दारात येऊन आत गेल्या. अंबादासभाऊंनी इंजिन बंद केलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "तुम्हाला उशीर करून राह्यलो मी. काय हाय, हे कुणाला सांगायला भेटलंच न्हाई इतके दिवस. त्याला सांगायला जावं, तर तो म्हणतो, असं झाल्तं काय."

मी गाडीचं दार उघडलं नाही. गिटार वर काढल्यावर काय झालं ते सांगा, म्हटलं.