वजा तीन

उद्यानातली चारशे बारा झाडं आपल्याला चालीवरून ओळखतात, असं वजातीन छातीठोकपणे सांगायचा. "डोळे बांधून सोडा मला. खोडाला गाल लावला की झाडाचा नंबर सांगतो." त्याचे डोळे कुणी कधी बांधले नाहीत, कारण उघड्या डोळ्यांनीही तो निम्मा झोपेतच चालतो, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

त्याचं काम एकच. राखीव उद्यानाच्या आतल्या एका तुकड्यात प्रत्येक झाडाला नंबराचा पत्र्याचा बिल्ला होता. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच उंचीवर, त्याच टेपने प्रत्येक खोडाचा घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा. असं सव्वीस वर्षं चाललं होतं. जंगल समजायला माणसाचं आख्खं आयुष्य घालावं लागतं, असं हे काम सुरू करणारे थोरले साहेब म्हणत. माणूस बदलला तर चालेल, टेप बदलायची नाही, हाही नियम त्यांचाच. दुसऱ्याच वर्षी एका साळिंदराने त्या टेपची पहिली तीन सेंटिमीटर खाऊन टाकली. साहेबांनी नियम मोडला नाही. उरलेल्या टोकाला पितळी पट्टी ठोकून घेतली आणि फर्मान काढलं, की यापुढे प्रत्येक आकड्यातून तीन वजा करायचे. तेव्हापासून कुठलाही आकडा दिसला की याच्या तोंडून आपोआप "वजा तीन" बाहेर पडायचं, मग तो भाजीवाल्याने सांगितलेला का असेना. त्याचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

बायको घरी शिवणकाम करायची. तिचीही टेप पिवळी, कापडी, पितळी टोकाची. वापरून वापरून दोन्हींचे सुरुवातीचे आकडे पुसले गेले होते, आणि टेपची सुरुवात तशीही कोण बघतं? मोजणीच्या आदल्या संध्याकाळी वजातीन आपली टेप मेण लावायला घरी घेऊन आला आणि ती शिलाई मशीनवर ठेवली. सकाळी निघताना मशीनवरून एक टेप उचलली. दोन्हींतली कोणती, हे बघायला माणूस जागा असावा लागतो.

मग तो आठवडा सुरू झाला, ज्याची तो वर्षभर वाट बघायचा. सकाळच्या धुक्यात झाडं एकेक करून पुढे येत. टेप गुंडाळायची म्हणजे खोडाला मिठी मारावीच लागते, आणि वजातीन त्या मिठीत गरजेपेक्षा जरा जास्तच राहायचा. सालीला गाल लागला की डोळे मिटायचे. वरून थेंब पडायचे, कुठेतरी एक पक्षी तोच तो प्रश्न विचारत राहायचा. एकशे सतरा नंबरच्या झाडापाशी तर तो उभ्या उभ्या एक डुलकी काढायचा. ते झाड त्याने मनगटाएवढं असल्यापासून पाहिलं नव्हतं, पण लोकांना तो तसंच सांगायचा. "एकशे चौऱ्याऐंशी," त्याने वाचलं. "वजा तीन. एकशे एक्याऐंशी." मोजताना मागच्या वर्षीचा आकडा बघायचा नाही, मन फितूर होतं, हाही एक नियम होता. त्यामुळे त्याने शांतपणे चारशे बारा झाडांचं वाटोळं केलं आणि समाधानाने वही जमा केली.

चौथ्या दिवशी उद्यानाच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, वही घेऊन स्वतः त्याच्या टेबलापाशी आल्या.

"वजातीन, झाड बारीक होतं का हो?"

"कसं होईल, बाई?"

"तुमची चारशे बारा झाली आहेत. दरवर्षी एकेक सेंटिमीटर वाढणारी झाडं यंदा दोन-दोनने आटली. सोमवारी समिती येतेय. एकतर जंगल आजारी आहे, नाहीतर तुमची वही खोटी आहे. काय सांगू त्यांना?"

"वही खोटी ठरली तर?"

"तर मोजणी बंद. सव्वीस वर्षं रद्दीत."

वजातीन घरी आला तो पाय ओढत. "अगं, जंगल आजारी आहे," तो दारातूनच म्हणाला.

बायकोने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "कॉलनीलाही काहीतरी झालंय. डॉक्टरीणबाई, पोस्टातल्या बाई, समोरच्या दोघी बहिणी, सगळ्यांच्या कमरा वाढल्यात. कुणाची तीनने, कुणाची साडेतीनने." तीही वही ठेवायची. अठरा वर्षांची प्रत्येक गिऱ्हाइकाची मापं, तारखेनिशी. ती नवं माप घेऊन जुनं वाचून दाखवायची आणि समोरची बाई खुर्चीत बसायची. आठवडाभरात कॉलनीतल्या बायकांनी साखर सोडली, बेकरीवाला माश्या मारायला लागला, आणि पहाटे उद्यानाच्या रस्त्याने बायकांची एक लांबच लांब रांग न बोलता झपाझप चालू लागली. वजातीनला ती धुक्यात दिसली होती. त्याला वाटलं, स्वप्न असेल.

रविवारी दुपारी तो जेवणाच्या टेबलावरच झोपला. स्वप्नात झाडं त्याच्या घरी आली होती, दारातून वाकून आत येत होती आणि मशीनपुढे ओळीने उभी राहत होती. एकशे सतराने फांद्या वर केल्या आणि बायकोला म्हटलं, "जरा सैल ठेवा." तिकडे जंगलात डॉक्टरीणबाई आणि त्या दोघी बहिणी पत्र्याचे बिल्ले लावून उभ्या होत्या, आणि वजातीन टेप हातात घेऊन लांबूनच घुटमळत होता.

"अहो, उठा," बायको म्हणाली. "उद्या कोट घालणार ना? पोटावर ओढतोय तो, उसवते जरा." तिने त्याला उभं केलं आणि टेप गुंडाळली. "एकशे तीन. अगं बाई, गेल्या वर्षी अठ्ठ्याण्णव होतं."

"वजा तीन," वजातीन झोपेत म्हणाला.

"ते का?"

"साळिंदर," तो म्हणाला, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण जागा झाला.

बायकोने टेपशेजारी लाकडी पट्टी ठेवली. तीन सेंटिमीटर कमी. 

"म्हणजे डॉक्टरीणबाई होत्या तेवढ्याच आहेत," ती म्हणाली.

"आणि एकशे सतराही बरं आहे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, पण हे त्याने बोलून दाखवलं नाही.

"बायकांना मात्र एवढ्यात सांगू नका," ती म्हणाली. "साखर सोडलीय त्यांनी. मला जिवंत सोडणार नाहीत."

सोमवारी त्याने समितीपुढे सगळं सांगितलं. समितीतले सगळ्यांत वयस्कर शास्त्रज्ञ हसले नाहीत. "टेप घरच्या टेपशी बदलली, हे आम्ही कशावरून मानायचं? आकडे बिघडले की उद्या कुणीही असंच सांगेल."

 बायको मागे दारापाशी उभी होती. ती पुढे आली आणि तिने आपली वही टेबलावर ठेवली. नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. अठरा वर्षांच्या कमरा, तारखेनिशी. मोजणी सुरू झाली त्या मंगळवारपर्यंत सगळ्या जागच्या जागी, आणि मंगळवारपासून प्रत्येक कंबर तीन-साडेतीनने पुढे. शास्त्रज्ञांनी चष्मा पुसला आणि पानं सावकाश उलटली.

"यांच्या नोंदी तुमच्यापेक्षा नीट आहेत," ते वजातीनला म्हणाले. मग मोठ्या बाईंना म्हणाले, "यंदाचे आकडे खोडू नका. शेजारी शेरा लिहा आणि प्रत्येकात तीन मिळवा. मोजणी चालू राहील."

वजातीनला तिथून उठून थेट जंगलात पळावंसं वाटलं. पण शास्त्रज्ञांचं बोट बायकोच्या वहीच्या शेवटच्या पानावर थांबलं होतं.

"बाई, बाकी सगळे नमुने तीन-साडेतीनने वाढलेत. हा एकच पाचने. टेपचे तीन वजा केले तरी दोन उरतात. जंगलातलं झाड वर्षाला एक वाढतं. हे कोण?"

नावावर पट्टी होती. बायको छताकडे बघू लागली. वजातीनने श्वास रोखून पोट आत घेतलं.

शास्त्रज्ञांनी चष्म्यावरून त्याच्या कोटाकडे पाहिलं. "यालाही एक बिल्ला लावून ठेवा," ते मोठ्या बाईंना म्हणाले. "नोंद चालू राहिली पाहिजे."

वजातीनने हळूच कोटाचं बटण लावून पाहिलं. ते लागलं नाही.